पूर्ण डिस्कच्या इमेजमधून एकच पार्टिशन कसं परत आणायचं

सी ड्राइव्ह बिघडली आहे, विंडोज सुरूच होत नाही. सहा महिन्यांपूर्वी अख्ख्या डिस्कची इमेज (तिच्यावरच्या सगळ्याची नक्कल) काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेली आहे. पण त्याच डिस्कवर डी ड्राइव्ह आहे, ती ठणठणीत आहे आणि गेल्या सहा महिन्यांचं काम तिच्यातच आहे. इमेज सरसकट रिस्टोअर केली तर सी सुधारेल, पण डी सहा महिने मागे जाईल. म्हणून इमेजमधून फक्त सी काढायची आणि जागेवर बसवायची.

काम वाटतं तितकं अवघड नाही. डेटा लिहिण्याचं काम टूल व्यवस्थित करतं, तिथे सहसा काही चुकत नाही. चुकतं ते आजूबाजूला. इमेज काढल्यानंतर पार्टिशनचा (म्हणजे डिस्कच्या त्या भागाचा) आकार बदललेला असतो, बूट लोडरला (विंडोज सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) नवं पार्टिशन ओळखू येत नाही, किंवा लिहायचं असतं एकावर आणि लिहिलं जातं भलत्यावर. म्हणून इथे रिस्टोअरच्या बटणापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी ५१२ जीबीची एसएसडी धरू: यूईएफआय (मशीन सुरू करण्याची आजची पद्धत), जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची आजची पद्धत), विंडोज ११. तिच्यावर पाच पार्टिशन आहेत. पहिलं ईएफआय (यात बूटच्या फाइल असतात), १०० एमबी. दुसरं मायक्रोसॉफ्टचं राखीव, १६ एमबी. तिसरं सी, २०० जीबी. चौथं रिकव्हरी (विंडोजच्या दुरुस्तीचं) आणि पाचवं डी. इमेज क्लोनझिला या मोफत टूलने काढलेली आहे. ती रेस्क्यूझिला या तशाच दुसऱ्या टूलमध्येही उघडते, त्यामुळे दोन्हींतलं कुठलंही वापरता येईल.

आधी एक प्रश्न: पार्टिशन खरंच हवंय का?

दोन-चार फाइल हव्या असतील तर रिस्टोअर करूच नका. रेस्क्यूझिलामध्ये 'इमेज एक्सप्लोरर' आहे. त्यात इमेज निवडायची, तिसरं पार्टिशन निवडायचं आणि माउंट करायचं, म्हणजे वाचण्यासाठी जोडायचं. आतल्या फाइल नेहमीच्या फोल्डरसारख्या दिसतात आणि हव्या त्या पेनड्राइव्हवर काढता येतात. जीझिपने दाबलेली मोठी इमेज असेल तर फोल्डर उघडायला बराच वेळ लागतो. ते अडकलंय असं समजून बंद करू नका.

विंडोजच्या स्वतःच्या 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' मधून सिस्टिम इमेज काढली असेल, तर प्रत्येक ड्राइव्हची वेगळी व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कची) फाइल तयार झालेली असते. ती डिस्क मॅनेजमेंटमधून 'अटॅच व्हीएचडी' करायची. 'रीड ओन्ली'च्या चौकोनात टिक करायला विसरू नका, नाहीतर मूळ बॅकअपमध्येच बदल होतात. मॅक्रियम या बॅकअप प्रोग्रॅमच्या इमेजला मॅक्रियमचाच रेस्क्यू पेनड्राइव्ह लागतो. त्याच्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला संपला, तरी जुना पेनड्राइव्ह हाताशी असेल तर तो चालतो.

रिस्टोअर करण्याआधी

सीवर आज जे आहे ते सगळं पुसलं जाणार. लोक 'माझा डेटा डीवरच असतो' असं म्हणतात, पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डर मुळात सीवर असतात. आउटलुकची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्सखालीच असते. टॅलीप्राइमचा डेटा, जागा बदलली नसेल तर, सीवरच्या 'युजर्स'मधल्या 'पब्लिक'खाली 'टॅलीप्राइम'च्या 'डेटा' फोल्डरमध्ये असतो. ऑफिसच्या मशीनवर सप्टेंबरची इमेज मार्चमध्ये टाकली, तर सहा महिन्यांच्या एंट्री गेल्या.

म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हने (ज्यावरून विंडोजऐवजी लिनक्स चालतो) मशीन सुरू करून, बिघडलेल्या सीमधून ही फोल्डरं आधी बाहेर काढा. विंडोज नीट बंद झालेलं नसेल किंवा फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतो. आपल्याला तेवढंच हवं आहे, जबरदस्तीने लिहिण्याच्या मोडमध्ये उघडायच्या फंदात पडू नका. बाहेरच्या डिस्कवर जागा असेल तर बिघडलेल्या सीचीही इमेज काढून ठेवा. महिन्याभराने एखादी फाइल आठवतेच.

सी का बिघडली, हेही बघायला हवं. लिनक्सच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीचे आकडे) दिसतो. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या छोट्या तुकड्यांचे) आकडे वाढत असतील, तर दोष विंडोजचा नाही, डिस्कचा आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर २०० जीबी लिहिणं म्हणजे डीसुद्धा धोक्यात घालणं. अशा वेळी आधी डी बाहेर काढा, नवी डिस्क आणा आणि मग पुढचं ठरवा.

तिसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय. इमेज विंडोजच्या बाहेरून, लाइव्ह पेनड्राइव्हने काढली आणि त्या वेळी सी कुलूपबंद होती, तर इमेजमधला सीचा भाग कुलूपबंदच असतो. फाइलच्या नावात 'एनटीएफएस' (विंडोजची फाइल सिस्टिम) याऐवजी 'डीडी' दिसलं की समजायचं. ती परत टाकल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि तीही इमेज काढली तेव्हाची. मधल्या काळात बिटलॉकर बंद करून पुन्हा चालू केला असेल तर की बदललेली असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये प्रत्येक कीसमोर तिचा आयडी असतो, तो जुळवून बघा. की हातात नसेल तर इथेच थांबा.

इमेजच्या आत काय आहे ते वाचा

क्लोनझिलाची इमेज ही एक फाइल नसून एक फोल्डर असतं. त्यात 'पार्ट्स' नावाची छोटी फाइल आहे, तिच्यात कुठली पार्टिशन घेतली त्यांची यादी असते. डिस्कच्या नावापुढे 'पीटी.एसएफ' असलेली दुसरी फाइल त्याहून महत्त्वाची. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि प्रत्येक पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं, किती सेक्टरचं आहे हे सांगते. पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा आहे आणि ही फाइल म्हणजे इमेज काढली त्या दिवशीचा उतारा.

आपल्या उदाहरणात ती अशी दिसेल: पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, दुसरं २,०६,८४८ पासून, तिसरं म्हणजे सी २,३९,६१६ पासून, आकार ४१,९४,३०,४०० सेक्टर. सेक्टर ५१२ बाइटचं, म्हणून २०४८ ने भागलं की एमबी मिळतात: २,०४,८०० एमबी, म्हणजे बरोबर २०० जीबी.

आता आजच्या डिस्कवरचे आकडे बघा. लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेड या पार्टिशन बघण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये पार्टिशनवर राइट क्लिक करून 'इन्फर्मेशन' उघडलं की पहिलं सेक्टर, शेवटचं सेक्टर आणि एकूण सेक्टर दिसतात. सीची सुरुवात आणि आकार दोन्ही जुळले तर पुढचं काम सोपं. कागदावर लिहून घ्या, पुढे लागतील.

डिस्कच्या नावावर विश्वास ठेवू नका. एसडीए, एसडीबी ही नावं मशीन सुरू होताना जो क्रम लागेल त्यानुसार पडतात. पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असताना काल एसडीए असलेली डिस्क आज एसडीसी होऊ शकते. एनव्हीएमई डिस्कची नावं तर वेगळ्याच पद्धतीची असतात. ओळख पटवायची ती मॉडेल, सिरियल नंबर आणि आकार बघून. घरात एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्क असतील तर नको असलेलीची केबल काढून टाका.

रेस्क्यूझिलाने रिस्टोअर

१. रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल बलेना एचर किंवा रूफसने पेनड्राइव्हवर लिहा. मशीन त्यावरून सुरू करा, इमेज असलेली हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. यूएसबी २ ला सेकंदाला ३० ते ३५ एमबीच मिळतात, म्हणजे १०० जीबीची इमेज वाचायलाच पाऊण ते एक तास.

२. पहिल्याच स्क्रीनवर 'व्हेरिफाय इमेज' आहे. ते आधी चालवा. इमेज खराब निघाली तर निदान जुनी सी अजून जागेवर आहे. अर्ध्यावर लिहून झाल्यानंतर हे कळलं तर हातात काहीच उरत नाही.

३. 'रिस्टोअर' निवडा, इमेजची जागा दाखवा, इमेज निवडा, मग जिच्यावर लिहायचं ती डिस्क निवडा.

४. पुढच्या स्क्रीनवर इमेजमधल्या पार्टिशनची यादी येते, प्रत्येकापुढे टिक असते. तिसरं सोडून बाकी सगळ्या टिक काढा. त्याच स्क्रीनवर 'ओव्हरराइट पार्टिशन टेबल' असा चौकोन आहे. तो रिकामा करा. तिथे टिक राहिली तर जुना आराखडा आजच्या डिस्कवर लिहिला जातो. मधल्या काळात आकार बदलले असतील, तर एकही बाइट थेट डीवर न लिहिता डी नाहीशी होते.

५. तो चौकोन रिकामा केल्यावर इमेजमधलं पार्टिशन डिस्कवरच्या कुठल्या पार्टिशनवर टाकायचं हे निवडता येतं. तिथे सीचंच नाव आणि आकार आहे ना, ते कागदावरच्या आकड्यांशी जुळवा. शेवटी येणारा सारांश वाचा आणि मगच पुढे जा.

क्लोनझिला वापरत असाल तर रस्ता असा: 'डिव्हाइस-इमेज', 'लोकल डेव्ह', 'बिगिनर', आणि मग 'रिस्टोअरपार्ट्स'. त्याच मेनूत 'रिस्टोअरडिस्क'ही आहे, आणि घाईत बोट त्यावर पडतं. रिस्टोअरपार्ट्स पार्टिशन टेबलला हात लावत नाही, त्यामुळे ज्यावर लिहायचं ते पार्टिशन आधीपासून अस्तित्वात असावं लागतं. शेवटी दोनदा 'वाय' दाबून संमती मागितली जाते. दोन्ही वेळा स्क्रीनवर पार्टिशनचं नाव दिसत असतं, ते वाचण्यासाठीच तो प्रश्न असतो.

आकार कमी पडला तर

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. 'टार्गेट पार्टिशन सोर्सपेक्षा लहान आहे' अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबतं. सीमध्ये जेमतेम ८० जीबी भरलेली असते, पार्टिशन १९९ जीबीहून मोठं असतं, तरी टूल नाही म्हणतं. पार्टक्लोन (क्लोनझिला आतून वापरतं तो प्रोग्रॅम) फक्त भरलेले ब्लॉक साठवतो हे खरं, पण परत लिहिताना प्रत्येक ब्लॉक त्याच्या मूळ क्रमांकाच्या जागीच ठेवतो. एखादा ब्लॉक अगदी शेवटच्या एमबीत असेल तर त्याला नव्या पार्टिशनमध्ये जागाच नाही. त्या संदेशातच आकाराची तपासणी बंद करण्याचा पर्याय सुचवलेला असतो आणि पुढे 'धोकादायक' असंही लिहिलेलं असतं. तो वापरू नका. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण फाइल सिस्टिम स्वतःला पार्टिशनपेक्षा मोठी समजते आणि विंडोज ती उघडत नाही.

सी लहान कशी झाली? कुणी डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक' केलं असेल तर ते आठवतं. न आठवणारं कारण म्हणजे विंडोजची मोठी अपडेट: रिकव्हरीला जागा पुरत नसेल तर ती सीचा शेवटचा तुकडा कापून नवं रिकव्हरी पार्टिशन तयार करते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ची केबी५०३४४४१ ही अपडेट ०x८००७०६४३ हा एरर देऊन अडत होती. तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सी २५० एमबीने कमी करून रिकव्हरी मोठी करायची रीत दिली होती. ती ज्यांनी पाळली त्यांच्या मशीनवर त्याआधीची इमेज बसत नाही.

उपाय आहे. बदल सी आणि रिकव्हरी या दोघांतच झाला असेल आणि डीची सुरुवात हलली नसेल, तर जीपार्टेडमध्ये चौथं पार्टिशन काढून टाका आणि तिसरं 'पीटी.एसएफ'मधल्या आकाराइतकं वाढवा. सीची फाइल सिस्टिम बिघडलेली असेल तर जीपार्टेड वाढवायला नकार देतं. मग तिसरंही काढून त्याच सुरुवातीच्या सेक्टरपासून पूर्ण आकाराचं नवं बनवा. आधी तिसरं, नंतर चौथं, म्हणजे क्रमांक जुने तेच राहतात. चौथ्याला 'हिडन' आणि 'डायग' हे फ्लॅग लावा. नंतर दोन्ही पार्टिशन इमेजमधून रिस्टोअर करा. डी जिथे होती तिथेच आहे ना, हे प्रत्येक टप्प्यावर सेक्टरचा आकडा बघून ताडून घ्या.

डीचीच हद्द सरकली असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा २०० जीबीपेक्षा मोठ्या, रिकाम्या डिस्कवर इमेजमधली सी रिस्टोअर करायची, तिथे जीपार्टेडने एनटीएफएस लहान करायची आणि मग ती कॉपी करून मूळ जागी पेस्ट करायची. वेळ लागतो, पण डीला धक्का लागत नाही.

आजची सी इमेजमधल्या सीपेक्षा मोठी असेल तर चिंता नाही. रिस्टोअर झाल्यावर विंडोजमध्ये ड्राइव्ह लहान दिसली, तर जीपार्टेडमध्ये त्या पार्टिशनवर 'चेक' चालवा. तपासणीबरोबर फाइल सिस्टिम पार्टिशनभर पसरते.

नंतर विंडोज सुरू होत नसेल

पार्टिशन न काढता त्याच जागी लिहिलं असेल तर विंडोज सहसा सरळ सुरू होतं. ईएफआय पार्टिशनला आपण हात लावलेला नाही, लावायची गरजही नसते. पण तिसरं पार्टिशन काढून नवं बनवलं असेल तर त्याचा जीयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो. बूटची नोंद जुन्या जीयूआयडीवर बोट ठेवून असते, म्हणून निळ्या स्क्रीनवर ०xसी००००००ई किंवा ०xसी००००२२५ असा एरर येतो. इमेज खराब होती असं समजून पुन्हा रिस्टोअर करू नका.

विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि शिफ्ट + एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा. डिस्कपार्ट या कमांडमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते बघा, कारण या वातावरणात सी कधी कधी डी किंवा ई होऊन बसते. नंतर डिस्क निवडून पहिलं पार्टिशन निवडा आणि त्याला एस हे अक्षर द्या. डिस्कपार्टमधून बाहेर पडून बूटची नोंद नव्याने लिहिणारी बीसीडीबूट कमांड चालवा: आधी विंडोज फोल्डरचा पत्ता, मग 'एस' पर्यायात एस ड्राइव्ह आणि 'एफ' पर्यायात यूईएफआय. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की मशीन रीस्टार्ट करा.

विंडोज उघडल्यावर सीवर चेकडिस्क चालवा. 'रीएजंटसी' या कमांडला 'इन्फो' पर्याय देऊन रिकव्हरी चालू आहे का बघा. बंद दिसली तर 'इनेबल' द्या. ऑफिसचं मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या गटात) असेल तर लॉग इन करताना 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येऊ शकतो. डोमेनमधलं मशीन आपला पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतं, आणि जुन्या इमेजमध्ये जुना पासवर्ड असतो. लोकल ॲडमिनने आत जाऊन मशीन डोमेनला पुन्हा जोडावं लागतं. त्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड माहीत आहे ना, हे रिस्टोअरच्या आधीच बघून ठेवलेलं बरं.

इमेज डीडीची असेल तर

डीडी या लिनक्स कमांडने काढलेली इमेज ही डिस्कची जशीच्या तशी एक फाइल असते. तिच्यातून सी काढायला थोडं गणित लागतं. सी २,३९,६१६ व्या सेक्टरपासून सुरू होते. त्याला ५१२ ने गुणलं की १२,२६,८३,३९२ बाइट, म्हणजे बरोबर ११७ एमबी: सुरुवातीचा १, ईएफआयचे १०० आणि राखीव १६. त्यामुळे डीडीला इनपुट म्हणून इमेज, आउटपुट म्हणून तिसरं पार्टिशन, ब्लॉकचा आकार १ एमबी, 'स्किप' ११७ आणि 'काउंट' २०४८०० एवढं दिलं की झालं.

'स्किप' इनपुटमधलं सोडतं आणि 'सीक' आउटपुटमधलं. दोन्हींची अदलाबदल झाली की पार्टिशनमध्ये कचरा लिहिला जातो. आउटपुटच्या नावातला शेवटचा ३ लिहायचा राहिला तर लिखाण सरळ डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि पार्टिशन टेबल जातं. 'काउंट' विसरलात तर सी संपल्यावर इमेजमधला पुढचा भागही येत राहतो, आणि टार्गेट मोठं असेल तर तो तिथे लिहिलाही जातो.

गणित टाळायचं असेल तर उबुंटूच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममधून 'अटॅच डिस्क इमेज' करा. ती फक्त वाचण्यासाठी जोडली जाते आणि आतली पार्टिशन वेगवेगळी दिसतात. उबुंटूमध्ये स्नॅप पॅकेजेसमुळे पहिले बरेच लूप क्रमांक (जोडलेल्या इमेजला मिळणारे क्रमांक) आधीच वापरलेले असतात, म्हणून आपला क्रमांक १५-२० च्या घरात निघाला तर नवल नाही. त्या लूपचं तिसरं पार्टिशन डीडीला इनपुट म्हणून दिलं की स्किप आणि काउंट दोन्ही लागत नाहीत.

इमेज जीझिपने दाबलेली असेल तर ती अशी जोडता येत नाही. उलगडत उलगडत पाइपने थेट डीडीकडे पाठवता येते, पण तेव्हा 'फुलब्लॉक' हा इनपुट फ्लॅग द्यायलाच हवा. पाइपमधून येणारा डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि हा फ्लॅग नसेल तर डीडी अर्धवट तुकडाही एक पूर्ण ब्लॉक म्हणून मोजतो. काउंट पूर्ण होतं, एरर येत नाही, आणि पार्टिशनमधला सगळा डेटा मागेपुढे झालेला असतो.

लिनक्सचं रूट पार्टिशन परत आणताना

बाकी सगळं तेच, फक्त बूट वेगळ्या पार्टिशनवर आहे का ते बघा. बूटवर आजचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि रूटमध्ये सहा महिन्यांपूर्वीची मॉड्यूल्स (त्याचे ड्रायव्हर) अशी जोडी जमली तर मशीन सुरू होतं, पण वायफाय, साउंड किंवा ग्राफिक्स चालत नाही. दोन्ही पार्टिशन एकाच इमेजमधून आणा. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) इमेजबरोबर जुनाच परत येतो, म्हणून त्या इमेजमधल्या एफएसटॅबशी (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीशी) तो जुळतो. होम वेगळं असेल आणि मधल्या काळात फॉरमॅट केलेलं असेल, तर त्याचा यूयूआयडी मात्र एफएसटॅबमध्ये हाताने बदलावा लागतो. नाहीतर बूट होताना मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं.